डाव्या मांडीवरची थाप

आर्नी कोस्केला रोज सकाळी मागच्या दाराशी येऊन थांबायचा. हातात पाखरांच्या दाण्यांची बादली, डोक्यावर कान झाकणारी लोकरी टोपी, मान खाली. मागून त्याची बायको मार्लिस यायची, त्याच्या कमरेवर हलकीशी चापट मारायची, आणि मगच तो दार उघडून अंगणात उतरायचा. कधी ती मुद्दाम उशीर करायची. तो पाठमोराच म्हणायचा, "बाईसाहेब, पाखरं उपाशी मरतायत."

"मरू देत. माझी कॉफी अर्धी राहिलीय."

ही सवय त्यानं मैदानावरून घरी आणली होती. लांबट चेंडूचा आमचा अमेरिकेतला फुटबॉल तो अकरा हंगाम खेळला, मोठ्या संघातून, आणि तोही ओळीच्या मधोमध. पाच धिप्पाड माणसं शेजारी शेजारी वाकून उभी राहतात. मधला दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि पुढच्याच क्षणी समोरून अंगावर येणाऱ्याला छातीनं, खांद्यानं, डोक्यानं अडवतो. चेंडू ज्याच्या हातात जातो त्याच्याकडे सगळे बघतात. परक्या मैदानात लोक मुद्दाम इतका गोंगाट करतात की मागून दिलेली हाक ऐकू येत नाही. मग मधल्याच्या शेजारचा गडी मागे चेंडू घेणाऱ्याकडे वळून बघतो आणि वेळ झाली की त्याच्या मांडीवर थाप मारतो. थाप पडेपर्यंत मधल्यानं हलायचं नाही. आर्नीच्या डाव्या बाजूला अल्विन ब्रूसार्ड असायचा, दक्षिणेतल्या उबदार लुईझियानाचा, थंडीचा वैरी.

खेळ सुटल्यावर आर्नी सरोवराकाठच्या आमच्या गावी परत आला आणि बर्फ काढायची गाडी चालवू लागला. त्याची बोटं झाडाच्या मुळांसारखी वाकडी झाली होती. किराणा दुकानात कुणी त्याला सही मागितली नाही. एकदा एका पाहुण्यानं विचारलं, "तुम्ही खेळायचात म्हणे. मग मला कसे आठवत नाही?"

"छान झालं की," आर्नी म्हणाला. "आम्ही चुकलो तरच लोकांना आठवतो."

त्याची एक चूक मात्र गावाला पाठ होती. एका सामन्यात तो जोरात आपटला, उठला, आणि तरातरा चालत जाऊन समोरच्या संघाच्या घोळक्यात उभा राहिला. अल्विननं त्याला शर्टाला धरून ओढत परत आणलं. मार्लिस तेव्हा प्रेक्षकांत होती. सगळं मैदान हसलं, तीही पोट धरून हसली. दर वर्षी नाताळच्या टर्कीच्या जेवणाला ही गोष्ट व्हायची. कुणीतरी आर्नीला मुद्दाम शेजाऱ्यांच्या टेबलाशी नेऊन बसवायचं आणि पुन्हा हशा व्हायचा. आर्नीही हसायचा.

मग त्याचे हातमोजे हरवू लागले. बर्फाची गाडी घेऊन तो एकदा भलत्याच गावात पोचला. सौनाची, म्हणजे घाम काढायच्या खोलीची, भट्टी पेटती ठेवून तो झोपायला गेला. एके दिवशी किटली भिंतीवर फेकली आणि पाणी पुसता पुसता रडला. शहरातले डॉक्टर म्हणाले, डोक्याला वर्षानुवर्षं बसलेले धक्के आहेत, यावर औषध नाही. तपासायला येणारी नर्स सरळ बोलणारी होती. "एवढा मोठा माणूस जोवर स्वतः चालतोय तोवर घरी राहील. चालायचा थांबला की तुमच्याच्यानं होणार नाही, मार्लिस. इस्पितळाजवळच्या शुश्रूषागृहात जागा आहे."

"तो या घरातून मागच्याच दारानं बाहेर जाईल, आणि दाणे टाकायलाच जाईल," मार्लिस म्हणाली.

हिवाळा लागला आणि चापट चालेनाशी झाली. तो दाराशी उभा राही, मार्लिस चापट मारी, आणि तो उभाच राही. जाड कोटात घाम, पाय थरथरत. एकदा तसाच खाली बसला. उचलायला अग्निशमन दलाची पोरं बोलवावी लागली. नर्सनं विचारलं, त्या जागेचं नाताळाआधी ठरवूया का?

मार्लिसनं अल्विनला फोन केला. तो मिलवॉकीहून गाडी घेऊन आला तो कुरकुरतच. "मार्लिसबाई, इथं माणसं राहतात की गोठवलेले मासे?"

"मासेच. ये आत, दार लाव."

तिनं पॅस्ट्या भाजल्या होत्या, आत मांस आणि बटाटा. आर्नीनं अल्विनकडे बघितलं, ओळख दाखवली नाही, पण आपली बशी त्याच्याकडे सरकवली. इतक्यात वाऱ्यानं ओसरीवरचं फावडं धाडकन पडलं. आर्नी टेबलाची कड धरून उठला. डोळे भलतीकडेच. त्यानं विचारलं, "कुठल्या बाजूला?"

"डावीकडे," अल्विन तोंडातल्या घासासकट म्हणाला. "मी आहे. तू नुसता ढकल."

आर्नी खाली बसला, शांत झाला. मार्लिसनं हातातला वाढायचा डाव खाली ठेवला. अल्विनला उत्तर शोधावं लागलं नव्हतं.

"हे तो तुला आधी विचारायचा," ती म्हणाली.

अल्विननं तोंडातला घास गिळला.

"त्या दिवशी? भलत्या घोळक्यात गेला तेव्हा?"

"तेव्हा. तेव्हापासून सामना संपेपर्यंत. प्रत्येक डावाला मी सांगत होतो."

"आणि इतर दिवशी?"

"मार्लिसबाई, डॉक्टरला कळलं असतं तर त्याला बाहेर बसवला असता. सोमवारी त्याच्या जागी दुसरा उभा. आम्हाला एकच शिकवलं होतं, शेजारच्याला पडू द्यायचं नाही."

"तू त्याला पडू द्यायला हवं होतंस."

"त्यानंही मला पडू दिलं नाही," अल्विन म्हणाला. मग बशीकडे बघत, "माझंही सुरू झालंय. रस्ते विसरतो. म्हणून उजेड असेपर्यंतच गाडी चालवतो."

अल्विन मुक्कामाला राहिला, पण त्यानंतर मार्लिस त्याच्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण 'खा' म्हणायची नाही. त्या घरात तो अपमानच. एरवी ती टपाल टाकायला आलेल्यालाही 'खा' म्हणायची. दिवसभर ती लाकडं रचत राहिली, रचलेली मोडून पुन्हा रचत राहिली. मला, शेजारणीला, म्हणाली, "मी हसले होते गं. वरच्या रांगेत उभी राहून हसले होते."

नर्स येणार होती त्या सकाळी आर्नी दाराशी उभा राहिला, बादली घेऊन, मान खाली. मार्लिसनं कमरेवर चापट मारली. पुन्हा मारली. मग तिनं कपाळ त्याच्या पाठीला टेकवलं आणि तशीच राहिली.

टेबलाशी बसलेला अल्विन हळूच म्हणाला, "जागा चुकतेय."

"लग्न झाल्यापासून इथंच मारतेय मी."

"तेव्हा तो तुझ्यासाठी हलायचा. आता नुसतं शरीर हलणार. शरीराला खरी जागाच लागते." तो गुडघे धरत उठला, जवळ आला. "हात देतेस?"

तिनं आर्नीच्या पाठीवरून कपाळ उचललं. मग हात दिला. अल्विननं तिचं मनगट धरून खाली नेलं, डाव्या मांडीच्या मागच्या बाजूला. "इथं. बोटांनी नाही, पुरा पंजा. आणि हात लगेच काढायचा. मग एक श्वास थांबायचं."

तिनं थाप मारली. आर्नीनं मान वर केली. एक श्वास गेला. मग त्यानं कडी काढली आणि पायऱ्या उतरून बर्फात गेला. चिकाडी पाखरं त्याच्या टोपीभोवती भिरभिरली.

मार्लिस खिडकीशी उभी राहिली. वळली तेव्हा तिनं अल्विनपुढे कॉफी ठेवली, पॅस्टी ठेवली. "खा," ती म्हणाली. माफ केलं असं ती तेव्हा म्हणाली नाही, नंतरही नाही.

नर्स आली, तिनं दाण्यांभोवतीची पावलं बघितली आणि जागेची गोष्ट काढली नाही. नाताळ घरी झाला. त्या वर्षी ती घोळक्याची गोष्ट कुणी सांगितली नाही. अल्विन दर महिन्याला यायचा, उजेडात, आणि शेवटी शेवटी पुतण्याला गाडी चालवायला लावून. थाप मात्र मार्लिसच मारायची. आर्नी बोलेनासा झाला होता. तिचं नावही गेलं होतं. पण रोज मान वर यायची, कडी निघायची.

सरोवरावरचा बर्फ तडकू लागला त्या दिवसांत, एका दुपारी, तो चुलीजवळच्या बाकावर बसल्या बसल्या गेला. टोपी डोक्यावरच होती. त्याच दिवशी सकाळी त्यानं दाणे टाकले होते. थाप बसल्यावर तो पायऱ्या उतरला, आणि का कोण जाणे, अर्ध्या अंगणातून मागे वळला. ती उंबऱ्यावर उभी होती, दार सताड उघडं.

"दार लाव, मार्लिस," तो म्हणाला. "घर गार होतंय."