गॅरेजवरची खोली

हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही, हे धाकट्या भावाला तीनदा सांगूनही पटलं नाही. आमच्याकडे वडील गेले की बहिणीनं सही करायची, भावानं साडीचोळी करायची, मग दिवाळीला माहेर शाबूत राहतं. मला साडीचोळीचं अप्रूप नव्हतं. नळदुर्गात वीस वर्षं मी लोकांचे ब्लाऊजच शिवत होते. नवऱ्यानं टाकल्यापासून भाड्यानं राहिले, सहा वेळा खोली बदलली. दर वेळी शिलाई मशीन टेम्पोत चढवताना वाटायचं, जिथून मला कुणी ऊठ म्हणणार नाही अशी एक तरी जागा हवी.

शेवटी भाव चिडून म्हणाला, "घे मग ते गॅरेज. बघू काय करतीस त्याचं."

गॅरेज म्हणजे घरापासून वेगळी, अंगणाच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात वडिलांनी जीपसाठी बांधलेली खोली. जीप कधीच विकली होती. आत खताची रिकामी पोती आणि उंदीर. शेजारच्या रस्त्यावरून विजेची मोठी लाईन गेलेली. ती जागा कुणालाच नको होती, म्हणून कागदोपत्री माझ्या नावावर झाली. मी म्हटलं, ठीक आहे, खाली दुकान आणि वर राहायची खोली.

गाव हसलं. आमचं गाव लोहारा तालुक्यातलं, भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. इथं ऐपत असली तरी लोक मजला चढवत नाहीत. स्लॅबचं घर असून अंगणात पत्र्याखाली झोपणारी माणसं अजून आहेत. त्यात बाईनं, तेही माहेरी परत आलेल्या बाईनं, तारेशेजारी मजला बांधायचा! ज्याला त्याला माझ्या जिवाची काळजी लागली. इतकी वर्षं ही काळजी कुठे होती कोण जाणे.

भाव वायरमनला घेऊन आला, तो नाहीच म्हणेल या भरवशावर. वायरमन सरळ माणूस. मान वर करून बराच वेळ लाईन बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, तारंखाली न्हाय बांधता येणार. पर तिकडं सरकून बांधता यील. अर्ज द्या, सायेब माप घेतील." साहेबांनी माप घेतलं, रस्त्याकडची बाजू मोकळी सोडा म्हणाले आणि तसं लेखी दिलं. मी सोडली. खोली अरुंद झाली, खाट टाकली की मशीनला जेमतेम जागा. सळया वर चढवल्या त्या दिवशी वायरमनला सांगून लाईन बंद करून घेतली. मोकळ्या स्लॅबला कठडा घातला, तिथं हात वर करून उभी राहिले आणि मिस्त्रीला खालून बघायला लावलं. तार लांब होती. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, असं मी ठरवलंच होतं.

पण हे सगळं माप घेतलं ते थंडीत.

पाडव्याला म्हटलं, गुढी माझी मी उभारणार. बाजारातून सगळ्यात लांब बांबू आणला. भावाच्या गच्चीवरच्या गुढीपेक्षा माझी उंच दिसली पाहिजे, हा खोडसाळपणा मनात होताच, खोटं कशाला बोलू! आई भावाकडे राहते. तिनं सकाळी येऊन बांबूला तेल लावलं, आंघोळ घातली. त्या ओल्या बांबूला मी जरीची साडी, लिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी बांधली, टोकावर तांब्याचा गडू पालथा घातला. गुढी रस्त्याकडे झुकलेली असते, म्हणून बुडखा कठड्याशी टेकवून उचलायला लागले.

"आक्का! टाक! खाली टाक!" भाव अंगणातून ओरडला.

मी वर पाहिलं. उन्हानं तारेला झोळ आलेला, आणि गडूपासून ती हातभर लांब असेल नसेल. बांबू मागं ओढला आणि स्लॅबवर टाकून दिला. गडू सुटून अंगणात गेला. सगळं मोजलं आणि सणच मोजला नाही. पण गुढी मोजायची असते हे आमच्यात कुणाच्या डोक्यातच येत नाही. ती जितकी उंच तितकी चांगली.

भाव धापा टाकत जिन्यानं वर आला. तो खरंच घाबरला होता, आणि मला ते बरं वाटलं. पण लगेच म्हणाला, "बास झालं आता. पाड ही खोली. घरात चल, मागली खोली तुझी. जलमभर ऱ्हा. कोण ऊठ म्हनतंय तुला?"

"आज न्हाय म्हनत. लिहून देतोस का?"

तो वर तारेकडे बघायला लागला.

"खोली मापात हाय. चुकले ती म्या. कोयता आण."

त्यानं कोयता आणून दिला. मी बांबू तोडून कमरेइतका ठेवला आणि तारेपासून लांब, दाराच्या चौकटीला बांधायला घेतला.

"अशी बुटकी गुढी असती व्हय कुठं? लोक हसतील."

"हसू दे. त्यांना सवय हाय."

तेवढ्यात आई चेपलेला गडू घेऊन एकेक पायरी चढत वर आली. मला दोरी बांधता यावी म्हणून तिनं बांबू दोन्ही हातांनी धरला. भावाकडे न बघता म्हणाली, "माझ्या भावानं कागद आणला तवा म्या भाकरी थापत व्हते. पिठाचा हात पुसला आन अंगठा दिला. काय लिवलंय, इचारलं बी न्हाय."

माझ्या हातातली दोरी सैल पडली होती.

आईनं गडू बांबूवर पालथा घातला. "आवळून बांध," ती म्हणाली. "सुटाया नगं."