पानाची मागची बाजू

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी आमच्या आश्रमशाळेच्या स्वयंपाक्याचं नाव घेईन. आम्ही पोरं त्यांना भाऊ म्हणायचो. सहावीत मी शाळा सोडून घरी पळालो, तेव्हा भाऊ सुट्टी टाकून आमच्या गावी आले. दोन दिवस ते वडिलांच्या मागे मागे धानाच्या बांधीत फिरले आणि ‘याच्याकडे मी पाहतो’ असा शब्द देऊन मला परत घेऊन गेले. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आज धानोऱ्याला एका कनिष्ठ महाविद्यालयात कारकून आहे.

त्याच भाऊंच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं, ते लिहायचं आहे.

धानोऱ्यात एक निवृत्त शिक्षिका दर रविवारी दुपारी वाचनालयात बैठक घेतात. आम्ही त्यांना बाई म्हणतो. दहा-बारा माणसं जमतात. प्रवचन नाही, आरती नाही. बाई फळ्यावर एक प्रश्न लिहितात आणि ज्याने त्याने आपल्या जगण्यातून उत्तर द्यायचं. दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही, ही एकच अट. देव मानणारे येतात, न मानणारे येतात, फक्त आपल्या गावदेवाला ओळखणारेही येतात. निवृत्तीनंतर भाऊ जवळच्याच त्यांच्या गावी राहायला गेले होते. मीच त्यांना बैठकीला आणलं. पहिल्या दिवशी बाहेर पडताना ते म्हणाले, “इथी जेवायले कायी नाई, तरी माणसं दोन-दोन घंटे बसून राह्यतेत. कमाल हाय!”

बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम मी स्वतः मागून घेतलं होतं. माझं अक्षर चांगलं आहे असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. वर्षभर ती वही वाचनालयाच्या कपाटाबाहेर गेली नव्हती.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी फळ्यावर प्रश्न होता: कोणाची माफी मागायची राहिली आहे?

मोहफुलं वेचायला जमीन मोकळी व्हावी म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची आमच्याकडे पद्धत आहे. पेटवणाऱ्याने आग पुरती विझेपर्यंत तिथून हलायचं नसतं. मागल्या वर्षी भाऊ हलले होते. वारा सुटला, आग जंगलात शिरली आणि बांबूचं एक बन जळून गेलं. संशय गेला शेजारच्या एका तरुणावर, कारण त्या वाटेने परतताना तो लोकांना दिसला होता. वन कार्यालयाने त्याला पुन्हा पुन्हा चौकशीला बोलावलं. गावाने वर्षभर त्याला बांबूतोडीच्या गटात घेतलं नाही.

“तो पोरगा रोज माह्या दारावरून जाते,” भाऊ म्हणाले. “रामराम करते. मले मान वर करता येत नाई. यंदा मोह पडायच्या आधी गावापुढं उभा राहून सांगतो. हिंमत गोळा करून राह्यलो.”

बाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. मी सगळं लिहून घेतलं.

संध्याकाळी बैठकीच्या व्हॉट्सॲप गटावर आमच्यातल्या एका वनरक्षकाने विचारलं, ‘ड्युटीमुळे येता आलं नाही. आज काय झालं?’ वही कपाटात ठेवता ठेवता मी घाईत पानाचा फोटो काढून गटावर टाकला. कोणी कागद मागितला की काढून द्यायचा, ही माझी रोजची नोकरी. हात आपोआप चालला.

दहा मिनिटांत त्याचा फोन आला.

“सर, काऊन टाकलं हे? बैठकीत बसून ऐकलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. आता तारखेसकट कागद हाय माह्या हातात. अन् मी वर्दीवाला हावो.”

“आत्ता डिलीट करतो.”

“करा. पण ते बाहेर गेलं बी. मले दुसऱ्या गटावरून परत आलं.”

भाऊंकडे फोन नव्हता. सकाळी उजाडताच मी मोटारसायकल काढली. तो फोटो गावात पोहोचायच्या आत आपण पोहोचू, एवढंच डोक्यात होतं. भाऊंच्या घराला कडी होती. माणसं गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागी जमली होती. भाऊ खाली बसले होते आणि तो तरुण हातात फोन धरून माझी वाक्यं मोठ्याने वाचत होता.

“‘सदर सदस्यांनी आपल्या हातून वणवा लागल्याचे नमूद केले.’ काय भाऊ, सदर सदस्य तुमीच का?”

मागे कोणीतरी हसलं. भाऊंची मान खाली होती. मला राहवलं नाही. पुढे होऊन मी म्हणालो, “लिहिण्यात माझी चूक झाली. भाऊ असं बोललेच नाहीत.”

भाऊंनी वर पाहिलं. “बस खाली. तुले लिहिता येते, मले मालूम हाय.” मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले. “आग माह्या हातची.”

“आता म्हणते!” तरुण ओरडला. “पकडल्यावर सारेच खरं बोलतेत.”

“मी सांगणारच होतो, बापू.”

“कधी? वर्ष झालं!”

गावचा भूमिया, ज्याचा शब्द गाव मानतं तो म्हातारा, हात वर करून उठला. मग त्याने सांगितलं की यंदा भाऊंच्या घराने मोह वेचायचा नाही आणि हा पोरगा उद्यापासून बांबूच्या गटात. वनरक्षकाने वर कळवलं होतं, त्याला दुसरा इलाज नव्हता. गुरुवारी भाऊंना वन कार्यालयात जबाब द्यायचा होता. हे सगळं भाऊंनी मान हलवून मान्य केलं. पण ‘पकडल्यावर’ हा शब्द त्यांना लागलेला मी पाहिला. मला ते फक्त एवढंच म्हणाले, “जा, कॉलेजले उशीर होईल.”

मंगळवारी मी बाईंची परवानगी घेऊन वहीतलं ते पान काढलं आणि सोबत हे पत्र पाठवलं.

‘भाऊ, नमस्कार.

तुम्ही मला रागावला असतात तर बरं झालं असतं.

रविवारी तुमच्यावर कोणाचाही संशय नव्हता. तुम्हाला कोणी दरडावून विचारलं नव्हतं. तुम्ही आपणहून बोललात आणि मोह पडायच्या आधी गावापुढे उभा राहीन, हेही तेव्हाच म्हणालात. ते मी लिहिलं होतं, पण ते पानाच्या मागच्या बाजूला गेलं. फोटो मी फक्त पुढच्या बाजूचा काढला. गोटुलात मी हे सांगायला हवं होतं. त्याऐवजी खोटं बोललो, म्हणून लोकांना तुमचं खरंही पकडल्यावरचं वाटलं. तुमचं बोलणं तुमच्या आधी गावात नेण्याचा मला काही अधिकार नव्हता. माझ्याकडून तुमचीच माफी मागायची राहिली आहे.

सोबत ते पान आहे. हे पत्र आणि ते पान, दोन्ही त्या शेजारच्या मुलाला द्या. चार लोकांत त्यालाच वाचू द्या. त्याला पटेल की नाही, मला माहीत नाही. वर्षभर त्याने जे सोसलं, ते कागदाने भरून निघणार नाही, हेही मला कळतं.

गुरुवारची रजा टाकली आहे. सकाळी तुमच्या दारात येतो. जबाब तुमचा तुम्हीच द्या. मी मध्ये बोलणार नाही, फक्त शेजारी बसेन.’