ठोक्याला ठोका

आमच्या आष्टीच्या शेतात विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत जुनी लोखंडी पाइपलाइन आहे. एकाने मोटारीपाशी थांबायचं, दुसऱ्याने वर कापसाला पाणी धरायचं. ओरडलेलं ऐकू जात नाही आणि मोबाइलची रेंज बांधाबांधाला रुसते. म्हणून वरच्याने दगडाने पाइपावर ठोकायचं आणि मोटारीवाल्याने पान्ह्याने उलटा ठोका द्यायचा. उत्तर आलं नाही, तर खालच्याला करंट लागला असं समजून वरचा पळत सुटणार.

मी एकदा मोटार चालू करून बाभळीखाली मस्त झोपलो. थोरला भाऊ काट्याकुट्यातून अनवाणी पळत आला, मला घोरताना बघून मटकन खाली बसला आणि मंग उठून त्यानं मला जो धुतला! "ठोक्याला ठोका द्यायचाच! झोपायचं तर देऊन झोप, मरायचं तर देऊन मर!"

एवढं एकच शिक्षण घेऊन मी जहाजावर ऑइलर झालो. ऑइलर म्हणजे इंजिनरूममध्ये तेल घालणारा, पुसणारा आणि शिव्या खाणारा. उन्हाळ्यात विहीर आटली की पाण्याच्या टँकरमागे घागर घेऊन पळत वाढलेला माणूस मी. पहिल्याच आठवड्यात, उद्या पाणी येईल न येईल म्हणून केबिनमध्ये दोन बादल्या भरून ठेवल्या. जहाज जरासं कललं, बादल्या गादीवर. शेजारच्या केबिनमधला दापोलीचा ऑइलर दारात उभा राहून पोट धरून हसला. "अरे आष्टी, समुद्र कमी पडला काय तुला?" तेव्हापासून मी त्याचा आष्टी आणि तो माझा दापोली.

पुढे आमचं जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं. माल उतरवायचा नंबर लागेना. आमचा करार कधीच संपला होता, पण बदलीची माणसं येईनात. समोर किनाऱ्यावरच्या मोटारी दिसायच्या, दिवे दिसायचे, पण उतरायची परवानगी न्हाई. माणसं कमी, म्हणून ड्युटीवर ड्युटी. इंजिनरूमची भट्टी, जेवण, लोखंडी खोली, परत भट्टी. घरचा फोन आला की मी सांगायचो, "मजेत आहे, रोज समुद्र बघतो." आई म्हणायची, "बरंय बाबा, पाण्याची तरी ददात न्हाई."

आधी दापोलीचं हसणं बंद झालं, मंग जेवायला येणं. एका दुपारी रेलिंगपाशी उभा होता. खाली बघत, अगदी सहज आवाजात म्हणाला, "उतरायला शिडीचीच वाट कशाला बघायची, नाही का?"

मी काय करावं? हसलो. विनोद वाटला मला. केबिनमध्ये येऊन बूट काढताना डोक्यात प्रकाश पडला आणि एका बुटावर पळत गेलो. तो केबिनमध्ये होता, पण दार आतून बंद.

दारावरून मी बोलत राहिलो. कापूस, क्रिकेट, माझ्या लग्नातली फजिती, सगळं संपलं. आतून शेवटी आवाज आला, "बोलू नको रे. माझ्याकडे बोलायला काही उरलेलं नाही."

"मंग बोलू नको. ठोक."

आमच्या दोघांच्या बाथरूममधून पाण्याचा एकच पाइप जात होता. त्याला भावाचा कायदा सांगितला. मी ठोकणार, तू उलटा ठोका द्यायचा. न्हाई दिलास तर दार तोडणार, आणि माझं नशीब माहीत आहे तुला, तोडताना माझाच खांदा निखळंल.

सकाळी ठोकलं. बऱ्याच वेळानं एक बारीक 'टक्' आला. ड्युटीवर जाताना, आल्यावर, जेवायच्या आधी, मी ठोकत राहिलो आणि उत्तर आल्याशिवाय हललो न्हाई. त्यातच कॅप्टनला त्याची हालत सांगून आलो. कॅप्टन म्हणाले, "थका है, आराम करेगा तो ठीक होगा." आता ठोका सोडायचा न्हाई, हे तेव्हाच ठरवलं.

पण पाइप जहाजाचा होता, माझ्या बापाचा न्हाई. तो थेट खाली इंजिनरूमपर्यंत जायचा. आमच्या सेकंड इंजिनिअरला, सेकंड साबना, तिथे ते ठोके ऐकू येऊ लागले. पाइपात बिघाड आहे म्हणून त्यांनी शोधमोहीम काढली. पाणी बंद केलं, जोड खोलले. वर अंगाला साबण लावलेला खानसामा टॉवेलात नाचत होता. आणि या सगळ्यात सेकंड साबना बॅटरी धरून कोण उभं? मीच! वर "साब, व्हॉल्व्ह ढिला असंल," असा सल्लाही देत होतो.

या नादात दुपारचा ठोका द्यायचा राहून गेला.

साहेब पाइपाला कान लावून बसले होते. तेवढ्यात वरून आवाज आला. टक्. टक्. टक्.

आजवर दापोलीनं फक्त उत्तर दिलं होतं. आज तो स्वतःहून विचारत होता.

साहेब समोर. गप्प राहिलो तर नोकरी वाचत होती. मी त्यांच्याच हातातला पाना घेतला आणि त्यांच्या कानाजवळ पाइपावर तीन ठोके हाणले.

"पागल है क्या?"

मंग मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. विहीर, कापूस, भाऊ, रेलिंग. साहेब शिव्या देतील म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. ते तेलाच्या डब्यावर बसले. बराच वेळ हात पुसत राहिले. मंग म्हणाले, "मुझे भी नींद नहीं आती, यार." आणि उठले. "चल, कप्तान के पास."

कॅप्टन म्हणाले, पुढच्या बंदरात बघू. सेकंड साब म्हणाले, आजच डॉक्टरशी बोला. मी तहसीलसमोर धरणं धरून बसतात तशी तेलकट बॉयलर सूटमध्ये त्यांच्या गालिच्यावर बैठक मारली. "साब, वो उतरेगा, तब मैं उठेगा." कॅप्टनची नजर माझ्यावर कमी आणि गालिच्यावर जास्त होती. पण त्यांनी फोन उचलला. दापोलीच्या केबिनबाहेर आम्ही आळीपाळीनं बसलो, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून बोट येऊन त्याला किनाऱ्यावर घेऊन गेली. शिडीवरून, नीट.

रिकाम्या केबिनचा पाइप मुका झाला. पण जेवायच्या वेळी खालून, इंजिनरूममधून, ठोका यायला लागला. सेकंड साब. मी उत्तर द्यायचो.

दापोलीनं घरी उपचार घेतले, गोळ्या चालू आहेत, आता बरा आहे. यंदा मी सुट्टीवर असताना तो आष्टीला आला. आल्या आल्या म्हणाला, "आधी पाइप दाखव." भावानं त्याला वरच्या तुकड्यात नेलं, दगड हातात दिला. मी मोटारीपाशी. मोटार चालू केली, सावली बरी होती, जरा टेकलो.

डोळे उघडले ते पायांच्या धपधप आवाजानं. दापोली ढेकळांतून धापा टाकत येत होता, चप्पल कुठंतरी पडलेली, मागं भाऊ.

"मेल्या! ठोका कोण देणार, तुझा बाप?"

त्यानं माझ्या पाठीत जो रट्टा घातला, तो अजून दुखतोय. दुखू द्या.