दगडाबाईचं ड्रायव्हिंग

दगडाबाईच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून ही झाली तेव्हा तिचं नाव दगडा ठेवलं. नवरा मिळाला सटवा, तोही सटवाईच्या नवसाचा. अशी ही नवसासायासानं जगवलेली दोन माणसं नांदूरघाटच्या अलीकडे एका वस्तीवर संसार करत होती. सटवाची मेंढरं होती. लेकी नांदायला गेल्या, घर रिकामं झालं, तेव्हा दगडाबाई जवळच्या सहकारी साखर कारखान्याच्या बागेत कामाला लागली.

कारखान्याच्या ऑफिससमोर भलंमोठं लॉन होतं. चेअरमन सुंदररावांनी ते हौसेनं वाढवलं होतं. ऊस घेऊन आलेले सभासद वजनाला नंबर लागेपर्यंत त्या गवताकडे बघत बसायचे आणि एखादा हमखास म्हणायचा, "हितं माज्या दोन म्हशी जगल्या असत्या राव." सुंदरराव ऐकायचे आणि हसून सोडून द्यायचे. ते गवत कापायला बायका होत्या. उकिडवं बसायचं, विळ्यानं कापत पुढं सरकायचं. ऑफिसच्या पायऱ्यांपासून सुरुवात करून फाटकापर्यंत पोचावं, तर पायऱ्यांपाशी पुन्हा वाढलेलं असायचं. दगडाबाईचे गुडघे त्या लॉननंच खाल्ले.

मग एके दिवशी टेम्पोतून एक लाल गाडी उतरली. सुंदररावांनी ती पुण्याच्या प्रदर्शनात बघितली होती. ट्रॅक्टरचं पिल्लू शोभावं एवढी, वर बसायला सीट, पोटाखाली फिरणारी पाती. बसायचं आणि चालवायची, गवत आपोआप कापलं जातं, असं टेम्पोवाल्यानं सांगितलं आणि तो निघून गेला.

चालवायला ट्रॅक्टर ड्रायव्हर त्रिंबकला बोलावलं. त्रिंबक अंगानं दांडगा. तो त्या सीटवर बसला आणि त्याचे गुडघे हनुवटीला टेकले. यार्डातली गाडीवान मंडळी जमली.

"त्रिंबक्या, जत्रंतून आणली का बे?"

"पाळण्यात बसल्यावानी दिसतोय बे!"

त्रिंबकनं रागारागात गाडी हाणली. पाती किती खाली ठेवायची ते बघितलंच नाही. दोन फेऱ्यांत लॉनच्या मधोमध माती उघडी पडली, वस्ताऱ्यानं डोकं भादरावं तशी. तो खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, मला माजा ट्रॅक्टर बरा. हे काम दुसऱ्या कुनाला सांगा."

सुंदररावांनी इकडंतिकडं बघितलं. झाडाखाली बायका उभ्या होत्या, विळे हातातच होते. बायकांच्या मनात दुसरीच काळजी होती. शेवटी दगडाबाई पुढं झाली.

"साहेब, ही मशीन आल्यावर आमी काय करायचं?"

"कुणाचंही काम जाणार नाही," सुंदरराव म्हणाले. "कडा आहेत, फुलांचे वाफे आहेत, झाडं आहेत. हा शब्द माझा."

दगडाबाईनं थोडा विचार केला. "आन ही बसून चालवायची न्हवं?"

"हो."

"मग मला शिकवा. माजे गुडघे गेलेत."

बायका हसल्या. छबुबाई, जी रोज हिच्या शेजारी बसून गवत कापायची, ती तर पदर तोंडात कोंबून हसली. "आगं, तुला सायकलचं चाक ठावं न्हाई!" पण सुंदरराव हसले नाहीत. त्यांनी त्रिंबकला सांगितलं, "शिकवा मावशींना."

दुसऱ्या दिवशी दुपारी शिकवणी सुरू झाली. दगडाबाईनं नऊवारीचा काष्टा घट्ट मारला, पदर कमरेला खोचला आणि गाडीच्या पाया पडून वर बसली. त्रिंबकनं पाती बंद ठेवली होती. त्यानं सांगितलं, डाव्या पायाखाली ब्रेक, उजव्या पायाखाली गाडी पुढं न्यायचं पेडल, हातात स्टिअरिंग. तिनं मान हलवली. त्यानं चावी फिरवली. सीटखालून एवढी थरथर आली की ऐकलेलं सगळं तिच्या डोक्यातून उडून गेलं.

तिनं जीव मुठीत धरून उजवा पाय दाबला. गाडी निघाली.

"शाब्बास मावशी! आता वळवा!"

वळवायचं म्हणजे दोन्ही हात हलवायचे, आणि ते तर स्टिअरिंगला चिकटून बसले होते. समोर जास्वंदीचं कुंपण होतं.

"बिरेक! मावशी, बिरेक दाबा!"

तिनं पाय आणखी जोरात दाबला. उजवाच. गाडी कुंपणात घुसली, फांद्या मोडल्या, आणि चाकं जागेवर फिरत राहिली. त्रिंबकनं धावत येऊन चावी काढली. दगडाबाई डोळे मिटून तशीच बसून होती, केसांत जास्वंदीच्या कळ्या अडकलेल्या.

"उतरा मावशी."

"थांबली का?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

संध्याकाळी घरी तिनं यातलं काही सांगितलं नाही. भाकरी थापल्या, आमटी केली, सटवाला वाढलं. सटवानं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "जास्वंदीचं कुंपन लई मोडलं का?"

"तुमाला कुनी सांगितलं?"

"छबुबाई. वाटंत भेटलती. हसता हसता तिला बोलता येईना."

दगडाबाईचा चेहरा पडला. "उद्या साहेबांना सांगते, मला न्हाई जमायचं."

"कावून?"

"पाय ऐकत न्हाईत. डोकं सांगतंय येक, पाय करत्यात दुसरंच."

सटवानं हात धुतले. बाहेरून एक वीट आणली, घरातलं तपेलं पालथं घातलं आणि दोन्ही बाजेसमोर मांडली. विटेवर डावा पाय, तपेल्यावर उजवा. मग भाकरीची परात धुऊन तिच्या हातात दिली. "हे तुजं स्टेरिंग. बस."

"लोक बघतील!"

"बघू दे. बस म्हन्तो न्हवं."

ती बसली. सटवा समोर काठी टेकून उभा राहिला, मेंढरांसमोर उभा राहतो तसा. "चल!" म्हटलं की तिनं तपेलं दाबायचं. "थांब!" म्हटलं की वीट. सुरुवातीला ती दोन्ही पाय आपटायची. तपेलं वाजलं की कुत्रं भुंकायचं. पण सटवाला घाई नव्हती. नवं मेंढरू कळपात रुळवायचं म्हणजे काय असतं ते त्याला ठाऊक होतं. तो मध्येच चल-चल-थांब करून तिला फसवायचा, ती चुकली की दोघं हसायचे. "डावीकडं वळ, तिकडं इहीर हाय!" असं ओरडला की ती परातीसकट अख्खी वाकायची.

असा त्यांचा रोजचा नेम झाला. शेजारच्या बाया दिवेलागणीला मुद्दाम बघायला यायच्या. सटवानं कुणाकडं लक्ष दिलं नाही.

कारखान्यावर त्रिंबकही आता मवाळ झाला होता. तो गाडीच्या बाजूनं चालायचा आणि सांगायचा. दगडाबाई चुकत होती, पण थांबायला शिकली होती, आणि थांबता आल्यावर तिचं निम्मं भय गेलं. मग पाती चालू झाली. दव असताना कापलं तर गवत पात्याखाली गोळा होऊन बसतं, हे एकदा फसल्यावर कळलं. खडा पात्यात गेला तर बंदुकीसारखा उडतो, हेही कळलं. त्या दिवसापासून आधी सगळं लॉन पायी फिरून खडे वेचल्याशिवाय ती वर बसली नाही. उन्हाळ्यात पाती उंच ठेवायची हे त्रिंबकनं त्याच्या पहिल्या फजितीवरून सांगितलं आणि स्वतःच हसला.

वार्षिक सभेला आलेल्या सभासदांनी तिला पहिल्यांदा बघितलं. डोक्यावर पदर, कपाळाला मोठं कुंकू, आणि खाली लाल गाडी गवत कापत चाललेली. सभेचा मंडप निम्मा रिकामा झाला. सुंदरराव भाषण सोडून बाहेर आले आणि त्यांच्यातच उभे राहिले. दगडाबाईनं कुणाकडंही बघितलं नाही. बघितलं असतं तर गाडी वाकडी गेली असती. फक्त कान लाल झाले होते.

कापलेलं गवत पोत्यात भरून सटवा मेंढरांना न्यायचा. "तुज्या गाडीचं उष्टं लई गोड लागतंय त्यांना," म्हणायचा.

दोन हजार बाराच्या साली पाऊस आला नाही. त्याच्या आदल्या वर्षीही जेमतेमच होता. ऊस वाळला, धुराडं पेटलं नाही, चौसाळ्याच्या बाजारात जनावरं कवडीमोलानं जाऊ लागली. सुंदरराव एका सकाळी बागेत आले आणि लॉनच्या कडेला तिच्याजवळ उभे राहिले.

"दगडाबाई, लॉनचं पाणी तोडावं लागतंय. इथं जनावरांची छावणी करायची ठरलंय."

"तोडा साहेब," ती म्हणाली. "जित्राबं तान्हेली ठेवून गवताला कसं पाजायचं?" साहेबांनी वाकून एक पिवळी काडी उपटली आणि ऑफिसकडं निघून गेले.

गवत गेलं, तिथं बैल-म्हशींच्या रांगा लागल्या, वर ताडपत्र्या. चारा फाटकाशी उतरायचा, पण रांगांमधून ट्रॅक्टर जाईना आणि माणसांच्या डोक्यावरून नेऊन पुरेना. त्रिंबकनंच अक्कल लढवली. लाल गाडीची पाती काढून टाकली, भंगारातल्या दोन चाकांवर एक बुटकी ट्रॉली जोडून मागं लावली आणि दगडाबाईला हाक मारली.

ती चारा वाटू लागली. बैल पहिल्यांदा बुजले, दावी तोडायला निघाले. चार-आठ दिवसांत गाडीचा आवाज आला की माना वर व्हायला लागल्या.

छावणी मोठ्या जनावरांची होती. मेंढरांना तिथं जागा नव्हती. सटवानं ते ऐकलं आणि खळखळ केली नाही. "मी गोदावरीच्या अंगाला जातो," म्हणाला. "तिकडं कायबी मिळंल."

"मी येते संगं."

"तू आलीस तर हितं चारा कोन वाटंल?"

ती रडली. मग चार दिवस टिकतील अशा भाकरी बांधून दिल्या, घोंगडी झटकून दिली आणि पहाटे वस्तीच्या टोकापर्यंत गेली. मेंढरं धुळीत दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. त्या दिवशी कामावर तिला यायला उशीर झाला. छबुबाईनं ट्रॉली भरूनच ठेवली होती.

उन्हाळाभर अधूनमधून निरोप यायचा. कधी पैठणच्या खाली आहे, कधी आणखी पुढं. एकदा निरोप आला की काही मेंढरं गेली. किती ते निरोप्याला सांगता येईना.

मृग सुरू झाला, आभाळ नुसतंच भरून यायचं. छावणी अजून उठली नव्हती. दगडाबाई दुपारचा चारा वाटत होती, आणि दोन रांगांच्या टोकाला एक माणूस उभा दिसला. काळा पडलेला, दाढी वाढलेली, खांद्यावर घोंगडी. तिनं ओळखलं ते त्याच्या काठीवर टेकून उभं राहण्यावरून.

ब्रेकवर पाय गेला होता, पण बैलांच्या माना गाडीकडं ताणलेल्या होत्या. तिनं पाय उचलला. सटवा जवळ आला आणि गाडीच्या बाजूनं चालू लागला.

"मेंढरं?" तिनं ओरडून विचारलं.

"निम्मी राहिली. वस्तीवर हायेत. कुत्रंबी हाय."

"लई वाळलाव."

"तू जाड झालीस. बसून बसून."

ती हसली आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तशीच हसत राहिली. सटवानं न सांगता ट्रॉलीतल्या पेंढ्या उचलायला सुरुवात केली, डाव्या रांगेत एक, उजव्या रांगेत एक. टाकता टाकता तो काहीतरी सांगत होता, गोदावरीचं, वाटेतल्या कुठल्या गावाचं. इंजिनाच्या आवाजात तिला निम्मं ऐकू येत नव्हतं.

"काय म्हन्ता?"

त्यानं पुन्हा सांगितलं. तरी कळलं नाही.

"रांग संपू द्या," ती म्हणाली. "मग समदं सांगा."