सानगडीच्या बांधीतला वन्स मोअर

माझ्या बहिणीची पोरगी पुण्याहून लाखनीला आली आणि बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "मामाजी, एका रशियन गाण्याले साथ करून देता का?"

मी जेवत होतो. घास हातातच राहिला. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवण्यात माझा जन्म गेला. बेसूर नायक पाहिले, ऐन वेळेवर पट्टी बदलणाऱ्या नायिका पाहिल्या, खलनायकाला मधेच गायची हुक्की आली तेही निभावून नेलं. पण रशिया? रशियाबद्दल मला एवढंच माहीत की तिथं थंडी फार पडते.

"आधी हातपाय धू, जेव," मी म्हणालो. "रशिया कुठं पळून नाही चालला."

जेवण झाल्यावर तिनं मोबाइलवर ते गाणं लावलं. ते होतं एका ऑपेरातलं. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचाच भाऊबंद, फक्त तिथं बोलायचं तेही बहुतेक गाऊनच. त्यात एकट्यानं म्हणायचं मोठं पद असतं, त्याला आरिया म्हणतात. आमच्या पोरीचा आवाज सोप्रानो, म्हणजे बायकांच्या आवाजात सगळ्यांत उंच. गाण्यातली मुलगी कडाक्याच्या थंडीत नदीकाठी उभी आहे. येतो म्हणून सांगून गेलेला माणूस काही येत नाही, आणि तो येणार नाही हे तिला हळूहळू कळत जातं. आमचं घर हायवेला लागून. दर दोन ओळींमागे एक ट्रक भोंगा वाजवत जायचा. तरी माझी बायको भांडी घासायची थांबली आणि दारात येऊन म्हणाली, "काय म्हणून राहिली ते नाही समजलं बापा, पण त्या मेल्याले पायताणानं हाणलं पाहिजे."

मग पोरीनं खरं काय ते सांगितलं. रशियातल्या एका संगीतशाळेत तिला शिकायला जायचं होतं. त्यासाठी हे पद गाऊन व्हिडिओ पाठवायचा होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, कुठं कापाकापी नाही, आणि साथीला जिवंत माणूस पाहिजे. तिच्या पुण्याच्या गुरुबाई पियानोवर साथ करायच्या, त्यांचा हात नेमका प्लास्टरमध्ये. मुदत संपत आलेली.

"साथीचं तर होऊन जाईल," ती म्हणाली. "पण शेवटाकडचा तो वरचा स्वर आहे ना, तो मले लागतच नाही."

पुण्यात तिची भाड्याची खोली. शेजारी एक आजोबा. हिचा आवाज वर गेला की ते भिंतीवर काठी ठोकतात. आधी ती मधेच थांबायची. मग उशीत तोंड खुपसून रियाज करायला लागली. आणि मग गळ्यालाच सवय पडली. तो स्वर जवळ आला की गळा आपोआप आखडायचा, काठी असो नसो. "एका सुरापायी माझं जाणं राहून जाईल, मामाजी," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. मला त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याचा असा राग आला की काय सांगू.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसलो. तिच्याजवळचे इंग्रजी नोटेशनचे कागद माझ्या काही कामाचे नव्हते. मी ऐकून ऐकून सरगम बसवली, माझ्या बॅटरीवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनवर पियानोचा आवाज लावला. रशियन शब्द तिनं देवनागरीत लिहून दिले, म्हणजे ओळ कुठं सुरू होते ते तरी मला समजावं. ते लोक ठेक्याला बांधून गात नाहीत. मनात आलं की लांबवतात, मनात आलं की धावतात. पोरीला वाटलं, मामाला हे जड जाईल. अगं, रडत रडत गाणाऱ्या नायिकांच्या मागं धावण्यातच तर माझे केस पिकले! गाणारी जाईल तिकडं जायचं, एवढं एकच शास्त्र मला येतं.

माझं जमलं, तिचं जमेना. तो स्वर आला की आवाज बारीक, मान खाली. एकदा मी चिडलोच. "भाडेकरूसारखी काहून गाऊन राहिली? हे घर तुझं हाये!"

"चिडून येत असता तर केव्हाच आला असता, मामाजी," ती म्हणाली.

मी ऑर्गन बंद केला आणि चहा ठेवायला सांगितला.

मुदतीच्या आदल्या दिवशी सानगडीला आमचं नाटक होतं. लाखनीच्या ट्रकांत रेकॉर्डिंग करणं शक्यच नव्हतं, म्हणून मी तिला दुपारीच सोबत नेलं. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप घातला होता, मागं तलाव, स्टेजवर राजवाड्याचा रंगवलेला पडदा. नटमंडळी झोपलेली. साउंडवाला यायचा होता. याच्यापेक्षा निवांत जागा कुठं मिळणार?

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानातच आली नाही. आमच्याकडे नाटक रात्री असलं तरी बाया दुपारपासूनच समोरची जागा धरतात. पोती अंथरतात, चटया टाकतात, आणि कोणीतरी राखणीला बसतं. ऑर्गनचा पहिला सूर वाजला आणि राखणीच्या बायांनी घरी निरोप धाडले. पाहता पाहता अर्धा मंडप भरला.

पोरगी पांढरी पडली. मी हात जोडून पुढं गेलो. "मायबाई हो, पोरीची परीक्षा आहे. कोणी बोलू नका."

"नाही बोलत जी," समोरची बाई म्हणाली. "पण खेळ कायचा हाये ते तर सांगा."

मग पोरीनंच गोष्ट सांगितली. नदी, थंडी, येतो म्हणून गेलेला माणूस.

"आलाच नाही का मंग तो?"

"नाही जी."

"हाव, असेच असतात," असं म्हणून बाया मांड्या ठोकून बसल्या.

खुर्चीवर खुर्ची ठेवून मोबाइल उभा केला आणि सुरू झालो. पोरगी गायली, चांगलीच गायली. एकाही बाईचं हूं नाही की चूं नाही. तो स्वर जवळ आला तशी माझी नजर तिच्या गळ्यावर. स्वर आला. पुरता नाही, चोरपावलानं, पण आला. आणि मागच्या रांगेतला एक म्हातारा दोन्ही हात वर करून ओरडला, "वन्स मोअर!" सगळा मंडप टाळ्या वाजवायला लागला.

त्याला तरी काय बोल लावू? आमच्या नाटकात अशी जागा आली की लोक वन्स मोअर मागतात, आणि मागितला की गाणं तिथंच थांबवून गाणाऱ्याला ओळीच्या तोंडाशी आणून सोडायचं, हे ऑर्गनवाल्याचं काम. नाही म्हणायची रीतच नाही. माझ्या बोटांना हे आता मला विचारावंसुद्धा लागत नाही. वन्स मोअर कानावर पडला आणि बोटं मागं गेली. काय झालं ते माझ्या डोक्यात शिरेपर्यंत मी ओळीच्या तोंडाशी येऊन उभा होतो.

पोरीनं माझ्याकडं असं पाहिलं, की कच्चा खाते आता. मग तिनं समोर पाहिलं. सगळ्या बाया तिच्याकडं पाहत बसल्या होत्या. कोणाला घाई नाही, कोणाला त्रास नाही, सगळ्यांना ते पुन्हा पाहिजे होतं. तिनं पोटभर श्वास घेतला आणि ती ओळ दुसऱ्यांदा उचलली.

अगा माय माय! काय तो स्वर! सरळ वर गेला, मोकळा, भरलेला, मंडपातून निघून थेट तलावावर. माझ्या अंगावर काटा आला. इकडं बोटं चालत होती आणि तिकडं डोळ्यांतून पाणी. तिथून पुढं शेवटपर्यंत ती कुठंच आखडली नाही.

गाणं संपल्यावर एका म्हातारीनं स्टेजजवळ येऊन तिच्यावरून कडाकडा बोटं मोडली. मी मात्र मान वर करत नव्हतो. "माती केली मी, बेटा," मी म्हणालो. "पुन्हा घेऊ." पण तोवर साउंडवाला आला होता, जनरेटर धडधडायला लागला होता, आणि हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग सुरू झालं होतं.

पोरगी पडद्यामागं कपड्यांच्या पेटीवर बसून व्हिडिओ पाहत होती. "हाच पाठवते," ती म्हणाली.

"अगं, एकच ओळ दोनदा! ते लोक काय म्हणतील?"

"पहिली कापता येत नाही, मामाजी, अन् दुसरी मले सोडवत नाही."

व्हिडिओच्या खाली तिनं एवढंच लिहिलं, की आमच्याकडे लोकांनी मागितलं तर पुन्हा गातात.

ती पुण्याला गेली आणि इकडं माझी भूक मेली. नाटकात वाजवताना कोणी वन्स मोअर म्हटलं की मला धडकीच भरायची. मग कळलं, शाळेनं नाही म्हटलेलं नाही. फक्त त्यांना ती ओळ समोरासमोर ऐकायची होती, व्हिडिओ कॉलवर. म्हणजे पुन्हा तीच खोली आणि तीच भिंत.

कॉल होता त्या संध्याकाळी तिचा फोन आला. "घेतलं मामाजी मले त्यांनी!"

मी इतक्या जोरात ओरडलो की बायको हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली. तिला सांगितलं, तर तीही ओरडली. मग जरा दम खाऊन मी विचारलं, "वरचा स्वर लागला?"

"लागला ना. पण लागला अन् भिंतीवर काठी वाजली."

"मंग? थांबली काय तू?"

"थांबते कायले?" पोरगी हसत म्हणाली. "वन्स मोअर समजली अन् पुन्हा गायली."