टाऊन हॉलच्या जिन्याखालची खोली

टाऊन हॉलच्या जिन्याखाली दोन खोल्या होत्या. मावशी लग्न होऊन तिथेच आली आणि तिची मुलगीही तिथेच रांगायला शिकली. नवरा हॉलचा शिपाई. सकाळी दारं उघडायची, सभेआधी खुर्च्या मांडायच्या, शेवटी दिवे मालवायचे. झाडलोट मावशीकडे. एका पुरात अर्ध्या गावाने याच हॉलमध्ये पथाऱ्या टाकल्या, तेव्हा दोघांना बूड टेकायलाही सवड नव्हती. पुढे नगरपालिका नव्या इमारतीत गेली, सभा थांबल्या, छत गळू लागलं. यांचा संसार मात्र तसाच चालू राहिला.

मग कुणाला तरी जाग आली. वास्तू ऐतिहासिक ठरली, दुरुस्ती निघाली आणि दोघांनी मुलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी बिऱ्हाड हलवलं. जावई भला माणूस. त्याने बाल्कनीला काचा लावून त्यांची झोपायची सोय केली. खाट काही तिथे मावेना, ती जिन्याखालीच राहिली.

त्याच सुमारास नवऱ्याची स्मरणशक्ती दगा देऊ लागली. नातवाचं नाव विसरला, जेवल्याचं विसरला, हॉल तेवढा विसरेना. उजाडलं की शर्टाची बटणं लावत म्हणायचा, "उशीर झाला गं, लोक खोळंबले असतील."

हॉल पुन्हा उघडला, तोही तिकीट लावून. जिन्याखालची झोपायची खोलीही आता बघायला ठेवली होती. यांचीच खाट आणि पुढे दोरी. नवरा दोन-चारदा तिथे जाऊन आला. एकदा मावशी धापा टाकत पोचली, तर तो दोरीपलीकडे कुशीवर गाढ झोपलेला. चपला खाली नीट काढून ठेवलेल्या. दोन मुली त्याचा फोटो काढत होत्या. त्यांना तो प्रदर्शनातलाच वाटला.

मॅनेजरने तिला बाजूला घेतलं. "मावशी, मी इतके दिवस काणाडोळा केला. आता वरून विचारणा होतेय. त्यांना आवरा."

"खाट तरी नेऊ द्या, साहेब. आमचीच आहे."

"ती आता वास्तूची झाली. माझ्या हातात काही नाही."

मावशी खाटेकडे वळली. खाट दिली असती तरी ठेवणार कुठे होती?

नवऱ्याला उठवून, "सभा रद्द झाली" असं सांगून तिने घरी आणलं. संध्याकाळी जावयाने दाराला वरच्या बाजूला, म्हाताऱ्याचा हात पोचणार नाही अशी कडी बसवली. मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही.

सकाळी नवरा तयार होऊन दाराशी गेला. ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. मग वळून मावशीला हळूच म्हणाला, "अगं, मला कुणीतरी कोंडलंय."

रात्री स्टुलावर चढून कडी तिनेच लावली होती.

"बघते हं कोण आहे ते," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी दाराला हात लावून उभी राहिली.