शंभराची प्रॅक्टिस नोट

"नोट न्हाय मिळणार. कॅश शॉर्ट पडंल," सरवदे सर म्हणाले आणि कपाटाला पाठ लावून बसले.

मी मोडनिंबला त्यांच्या घरी गेलो होतो. चौतीस वर्षं बँकेत काढून मी हेड कॅशियर म्हणून रिटायर झालो. आता जुन्या नोटा जमवतो, त्यातही प्रॅक्टिस नोटा. पूर्वी कॉमर्स शिकवणाऱ्या इन्स्टिट्यूटमध्ये वर्गातच खोटी बँक असायची. मुलांनी स्लिप भरायची, काउंटरवर यायचं, नोटा मोजून घ्यायच्या. त्या नोटा इन्स्टिट्यूट स्वतःच छापायची. त्या देऊन चहासुद्धा मिळत नाही, पण माझ्यासारखे वेडे त्यांच्यासाठी गावोगाव हिंडतात.

सोलापुरातल्या अशाच एका बंद पडलेल्या इन्स्टिट्यूटच्या एकपासून पन्नासपर्यंतच्या सगळ्या नोटा माझ्याकडे होत्या. शंभराची तेवढी नव्हती. रविवारी आमचं प्रदर्शन होतं आणि अल्बममधला तो रिकामा कप्पा मला झोपू देत नव्हता. सरवदे सर त्या वर्गातल्या बँकेचे मॅनेजर. इन्स्टिट्यूट बंद झाल्यावर उरलेली कॅश त्यांनी घरी आणली. तेव्हापासून दर महिन्याला ते ती मोजून रजिस्टरशी जुळवतात. शंभराच्या बरोबर वीस नोटा.

"सर, एका नोटेचे पाच हजार देतो."

"खरे पैशे ह्या बँकेत चालत न्हाईत."

मला संताप आला. पण याच सुरात मीही आयुष्यभर लोकांना परत पाठवलं होतं.

त्यांची सून चहा घेऊन आली. "बाबा, सोलापूरनं आलेत. हातात घिऊन बघू तरी द्या की."

सरांनी नाइलाजानं बंडल काढलं. "घ्या, मोजून दाखवा. हेड कॅशियर होता न्हवं तुमी?"

जुन्या कागदाला ओला हात लावू नका, हे मी नव्या मंडळींना घसा फोडून सांगतो. पण बंडल हातात आलं आणि माझा अंगठा आपोआप जिभेवर गेला, तिथून नोटेवर, आणि पुन्हा जिभेवर.

"अगंबाई! काका, जीभ बघा तुमची!" सून ओरडली.

जीभ जांभळी झाली होती. वरच्या नोटेवरची शाई सुटली होती आणि शंभराच्या आकड्यावर माझा अंगठा ठसठशीत उमटला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी चष्मा लावून नोट उजेडात धरली.

"माफ करा, सर."

"माफीचं ऱ्हाऊ द्या. खराब नोटेचं काय करत्यात बँकेत?"

"परत गिऱ्हाइकाला द्यायची नाही. नोंद करून चलनातून काढायची."

"मग?"

त्यांनी रजिस्टर उघडलं. सावकाश लिहिलं: 'एक नोट खराब. कारण, कॅशियर.' खाली माझी सही घेतली. शिल्लक नोटा एकोणीस. पुन्हा एकदा मोजल्या, स्वतःच, कोरड्या हातानं. मग ती डागाळलेली नोट माझ्यापुढे सरकवली.

"आता ही बँकेची न्हाय. कचरा हाय. न्या."

रविवारी प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी शंभराच्या कप्प्यापुढे होती. जुन्या नोटांना ओला हात लावू नका, असं मी तिथेही सगळ्यांना बजावून सांगितलं. त्या नोटेवरचा अंगठा कोणाचा, हे मात्र कोणी विचारलं की मी चहा सांगायला बाहेर जात होतो.